दात पांढरे करून घेण्यापूर्वी

माझ्या धाकट्या बंधूंचे कुटुंब गेली पस्तीस वर्षे यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी व्यापारानिमित्त स्थायिक आहे. त्यांची कन्या शिक्षणासाठी पुण्यात आमच्याकडे राहिली आणि पुढे येथेच नोकरीस लागली. दोन वर्षांपूर्वी तिच्या विवाहाची बोलणी सुरू झाली. मुलगा सुविद्य, घरची मंडळी सुसंस्कृत. पाहण्याचा कार्यक्रम झाला आणि तेथेच होकारही मिळाला. निघताना मुलाच्या आत्याबाई माझ्या पत्नीला सहज म्हणून गेल्या, ''मुलगी लाखात एक आहे हो. दातांचं तेवढं लग्नाआधी बघून घ्या.''

पुतणी आतल्या खोलीत होती. तिने ते ऐकले. हसताना तोंडावर हात धरण्याची तिची सवय मी अनेक वर्षे पाहत आलो होतो आणि तो तिचा विनय समजत होतो. तो विनय नव्हता, हे मला त्या दिवशी कळले. तिच्या समोरच्या दातांवर खडूसारखे पांढुरके पट्टे होते आणि मध्ये तपकिरी डाग होते. ते ती झाकत होती.

लग्नाला दोन महिने उरले असताना एका ब्यूटी पार्लरची जाहिरात तिने मला दाखविली. वधूसाठीच्या पॅकेजमध्ये एकाच बैठकीत दात शुभ्र करून देण्याचीही सोय होती. ''काका, करून घेऊ का?'' तिने विचारले. मी रक्कम पाहिली, सवलत पाहिली आणि ''अवश्य कर, माझ्याकडून भेट समज,'' असे म्हणून पैसे भरले. बँकेच्या नोकरीत मी वर्षानुवर्षे कर्जाचे प्रस्ताव तपासले. तारण काय, जामीनदार कोण, परतफेड कशातून होणार, हे विचारल्याशिवाय कोणत्याही प्रस्तावाची शिफारस केली नाही. येथे मात्र मी एकही प्रश्न विचारला नाही.

त्या संध्याकाळी ती परतली तेव्हा तिच्या हिरड्यांच्या कडा पांढऱ्या पडून चुरचुरत होत्या. पाण्याचा घोट घेतला तरी दातांत कळ जात होती. रात्र तिने बसून काढली. सकाळी आरशात पाहिले तर तपकिरी डाग जागच्या जागी होते आणि पांढुरके पट्टे पूर्वीपेक्षा अधिक उठून दिसत होते. ती काहीच बोलली नाही. मला मात्र मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका अनुभवी दंतवैद्य बाईंकडे गेलो. त्यांनी दात पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, ''लहानपण कुठं गेलं हिचं? प्यायला पाणी कुठलं होतं?'' उत्तर ऐकल्यावर त्या म्हणाल्या, ''हे डाग वरून आलेले नाहीत. दात तयार होत असतानाच आतून आलेत. याला फ्लोरोसिस म्हणतात. पार्लरमध्ये हे कुणी सांगितलं नाही का?'' सांगितले नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते.

त्यानंतर मी वही घेऊन त्या बाईंकडे पुन्हा दोनदा गेलो आणि या विषयावर जमेल तेवढे वाचन केले. लग्नसराईच्या दिवसांत अनेक घरांतून हा विषय निघतो. म्हणून जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

दाताचा मूळ रंग कोणता?

दाताच्या वरच्या भागावर एनॅमलचे कठीण, काहीसे पारदर्शक कवच असते. त्याखाली डेंटिन नावाचा थर असतो आणि त्याचा रंग मुळातच पिवळसर असतो. तो पिवळेपणा कवचातून थोडाफार दिसणारच. वय वाढते तसे कवच झिजत जाते आणि आतला थर जाड होतो. त्यामुळे साठीतील माणसाचे दात विशीतील माणसापेक्षा पिवळे दिसतात. यात रोग काही नाही. दंतवैद्यांकडे दातांच्या छटांची एक पट्टी असते. तिच्या सर्वांत प्रचलित प्रकारात सोळा छटा आहेत आणि त्यांतील एकही छटा कोऱ्या कागदासारखी पांढरी नाही. आपण दातांना मोत्यांची उपमा देतो, पण खऱ्या मोत्यालाही पुष्कळदा किंचित पिवळसर झाक असते.

सौंदर्याची कल्पनाही काळानुसार पालटते. आपल्याकडे पूर्वी विवाहित स्त्रिया दातवण लावून दात मुद्दाम काळे करीत आणि ते सौभाग्याचे लक्षण मानले जाई. आज त्याच महाराष्ट्रात वधूचे दात पांढरे नाहीत म्हणून कुजबुज होते. हे ध्यानात ठेवले, तर पुढचा निर्णय थोड्या शांत चित्ताने घेता येतो.

आधी कारण, मग उपचार

दातांवरील डाग मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार बाहेरून बसलेल्या डागांचा. चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री, पान यांचे डाग या प्रकारात येतात. लोहाची पातळ औषधे किंवा दीर्घकाळ वापरलेला क्लोरहेक्सिडिनयुक्त माउथवॉश यांनीही असे डाग पडतात. दातांवर साचलेले किटण वेगळे, पण तेही दात मळकट दाखविते. या सर्वांसाठी बहुधा दंतवैद्याकडून दात स्वच्छ करून घेणे पुरेसे असते. त्यास पांढरे करण्याच्या उपचाराची गरजच पडत नाही. अनेकांचे समाधान या पहिल्याच पायरीवर होते आणि खर्चही तेथेच थांबतो.

दुसरा प्रकार आतील डागांचा. लहानपणी फ्लोराइडचे प्रमाण अधिक असलेले पाणी पिण्यात आले, तर फ्लोरोसिस होतो. गरोदरपणी आईला किंवा वयाच्या आठ वर्षांच्या आत मुलाला टेट्रासायक्लिन गटातील औषध दिले गेले असेल, तर दातांवर करडे-तपकिरी पट्टे येतात. एखाद्या दातास मार लागून त्यातील नस मृत झाली, तर तो एकटाच काळवंडतो. असा एकच दात काळा दिसत असेल तर प्रथम एक्स-रे काढावा लागतो. त्याच्या मुळाशी जंतुसंसर्ग असू शकतो आणि वरून पांढरा केल्याने तो बरा होणार नाही. अशा दातास आवश्यक ते रूट कॅनाल केल्यानंतर आतून पांढरे करण्याची स्वतंत्र पद्धत आहे.

म्हणजेच 'दात पिवळे आहेत' ही तक्रार एकच असली, तरी तिची कारणे अनेक असतात. वयोमानाने आलेला पिवळेपणा या उपचाराने चांगला उतरतो. करड्या छटेला वेळ फार लागतो आणि यशाची खात्री कमी असते. फ्लोरोसिसमध्ये प्रथम पांढरे पट्टे अधिक ठळक दिसू शकतात. माझ्या पुतणीच्या बाबतीत हेच घडले होते.

पांढरे करतात म्हणजे काय करतात?

या उपचारात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड ही रसायने वापरतात. ती एनॅमलमधून आत झिरपतात आणि तेथील रंगीत कणांचे ऑक्सिडीकरण करून त्यांचा रंग फिका करतात. दाताला रंग लावला जात नाही किंवा तो खरवडलाही जात नाही. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. म्हणून नळीवरचा आकडा वाचताना तो कोणत्या रसायनाचा आहे, हेही पाहावे.

उपचाराच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिली दवाखान्यातील. तीत साधारणतः २५ ते ४० टक्के तीव्रतेचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. हिरड्यांवर संरक्षक लेप किंवा रबराचा पडदा लावल्याशिवाय ते वापरता कामा नये, कारण हिरडीला लागल्यास ती भाजते. निळ्या दिव्याचा झोत पुष्कळ ठिकाणी दाखविला जातो, परंतु त्यामुळे दीर्घकाळ टिकणारा अधिक लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही. दुसरी पद्धत घरी करावयाची. दंतवैद्य आपल्या दातांचे माप घेऊन पातळ साचा तयार करून देतात. त्यात कमी तीव्रतेचे जेल घालून तो रोज काही तास किंवा रात्रभर, असे दोन ते चार आठवडे लावावयाचा. अमेरिकेतील हेवूड आणि हेमन या दंततज्ज्ञांनी १९८९ मध्ये ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. वेळ अधिक लागतो, पण अनेक दंतवैद्य आजही हाच सौम्य मार्ग पसंत करतात.

आपल्यापैकी अनेकांच्या नियमांशी याचा संबंध येतो. ज्यांचा चौविहार आहे त्यांना रात्री जेल तोंडात ठेवणे मान्य होणार नाही. अशांनी दंतवैद्यांना आधीच सांगावे. दिवसा काही तास साचा लावूनही हा उपचार करता येतो. तसेच या जेलमध्ये बहुधा ग्लिसरीन असते. ते वनस्पतिजन्य असू शकते, तसेच प्राणिजन्यही. उत्पादकाकडून खुलासा मागविण्याची विनंती करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

कोणाच्या हातून?

युरोपीय संघात ऑक्टोबर २०१२ पासून असा नियम आहे, की ०.१ टक्क्याहून अधिक आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने केवळ दंतवैद्यांनाच विकता येतात. पहिला वापर त्यांच्या हातून किंवा देखरेखीखाली व्हावा लागतो आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीसाठी ती वापरता येत नाहीत. इंग्लंडमध्ये २०१३ साली उच्च न्यायालयाने दात पांढरे करणे हे दंतवैद्यकाचेच काम ठरविले. तेव्हापासून तेथे पार्लरमधून असे काम करणाऱ्यांवर खटले भरले गेले आहेत.

आपल्याकडे १९४८ च्या कायद्यापासून दंतवैद्यांची नोंदणी होत आली आहे. नोंदणीकृत दंतवैद्याकडेच हा उपचार घ्यावा. नोंदणी क्रमांक विचारणे हा अविश्वास नव्हे. बँकेत आम्ही ओळखीच्या ग्राहकाचीही कागदपत्रे पाहत असू.

कोणी थांबावे?

गर्भवती व स्तनदा मातांनी हा उपचार पुढे ढकलावा. अठरा वर्षांखालील मुलांच्या दातांतील नसेचा भाग मोठा असतो, म्हणून त्यांनीही थांबावे. दाढ किडलेली असेल, जुने सिमेंट निघालेले असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा दातांची मुळे उघडी पडलेली असतील, तर आधी त्यावर उपचार करावेत. उघड्या जागेतून रसायन आत गेल्यास कळ असह्य होते. ज्यांचे दात थंड पाण्यानेही शिवशिवतात त्यांनी ते आधीच सांगावे. दंतवैद्य उपचारापूर्वी काही दिवस पोटॅशियम नायट्रेटयुक्त टूथपेस्ट वापरण्यास सांगू शकतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. कॅप, सिमेंट किंवा कृत्रिम दात या उपचाराने पांढरे होत नाहीत. समोरच्या एका दातावर जुनी कॅप असेल, तर शेजारचे दात उजळल्यावर ती पिवळी दिसू लागते आणि बदलण्याचा खर्च अंगावर येतो. नवी कॅप किंवा दाताच्या रंगाचे सिमेंट बसवावयाचे असेल, तर दात पांढरे केल्यानंतर सुमारे दोन आठवडे थांबावे लागते. तोवर रंग स्थिरावतो आणि सिमेंटही नीट धरते. म्हणून विवाहासारखा प्रसंग असेल तर ही कामे आदल्या आठवड्यावर ठेवू नयेत. किमान दोन महिने आधी दंतवैद्यांना दाखवावे.

किती टिकते?

उपचारानंतर लगेच दात जितके पांढरे दिसतात, तितके ते पुढे राहत नाहीत. त्या वेळी दातांतील ओलावा कमी झालेला असतो, म्हणून ते अधिक शुभ्र दिसतात. आठ-पंधरा दिवसांत छटा थोडी उतरते. त्यानंतरचा रंग काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत टिकू शकतो. ते आपल्या सवयींवर अवलंबून असते. पहिले दोन दिवस चहा, कॉफी, हळदीची भाजी, बीट, जांभूळ, कोकम टाळण्यास दंतवैद्य सांगतात. दातांत येणारी शिरशिरी बहुधा काही दिवसांत थांबते. ती वाढत गेली तर पुन्हा दाखवावे, वेदनाशामक गोळीवर दिवस ढकलू नयेत.

घरगुती उपायांचा मोह

लिंबू-मीठ, लिंबू-सोडा, राख, कोळशाची पूड असे उपाय घरोघरी सांगितले जातात. लिंबाचा रस इतका आंबट असतो, की त्याने एनॅमल विरघळू लागते. त्यावर मीठ घासले म्हणजे झीज अधिक वेगाने होणार. चार दिवस दात चमकतात, पण कवच गेल्यावर आतला पिवळा थर अधिक उघडा पडतो. एकदा गेलेले एनॅमल शरीर पुन्हा तयार करीत नाही. कोळशाच्या टूथपेस्टबाबत अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्या निरुपद्रवी किंवा गुणकारी आहेत असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. मिश्री तर भाजलेली तंबाखूच होय. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास आपल्या सरकारने १९९२ सालीच बंदी घातली आहे. तरीही आपल्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईंची ही सवय सुटलेली नसेल, तर त्यांच्यासाठी प्रश्न दातांच्या रंगाचा नाही. तोंडाच्या कर्करोगाची तपासणी करून घेण्याचा आहे.

खर्चाचा हिशेब

जाहिरातीत दिसते ती रक्कम क्वचितच पूर्ण असते. तपासणी, एक्स-रे, दातांची सफाई, किडलेल्या दाढेचे सिमेंट, साचा, जेल, पुढे बदलावी लागणारी कॅप आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करावा लागणारा उपचार, ही सर्व कलमे लेखी मागावीत. आरोग्य विम्याच्या सर्वसाधारण योजनांत केवळ सौंदर्यासाठी केलेले उपचार वगळलेले असतात, म्हणून ही रक्कम आपल्या खिशातूनच जाणार असे धरून चालावे. काही ठिकाणी बिनव्याजी हप्त्यांची सोय पुढे केली जाते. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने एका परिपत्रकाद्वारे शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे बँकांना बजावले होते. व्याज दिसत नसेल तर ते प्रक्रिया शुल्कात किंवा किमतीत कोठेतरी असते.

पैसे भरण्यापूर्वी पुढील प्रश्न जरूर विचारावेत. माझ्या दातांचा रंग कशामुळे बदलला आहे? नुसत्या सफाईने भागेल का? कोणते रसायन, किती टक्के वापरणार? हिरड्यांचे रक्षण कसे करणार? माझ्या कॅप आणि सिमेंटचे काय होईल? किती फरक अपेक्षित आहे आणि तो न पडल्यास पुढे काय? उत्तरे समाधानकारक मिळाली तर उपचार अवश्य घ्यावा. मोकळेपणाने हसावेसे वाटणे यात कमीपणा नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात. माणसाला मात्र एकाच दातांनी दोन्ही निभावून न्यावे लागते. दाखविण्याच्या भरात खाण्याचे दात दुखावू नयेत, एवढेच.

पाण्याची गोष्ट

माझ्या पुतणीच्या हिरड्या आठवडाभरात बऱ्या झाल्या. नंतर त्या दंतवैद्य बाईंनी एनॅमलचा अतिशय पातळ थर नियंत्रितपणे घासून तपकिरी डाग बरेच कमी केले आणि पट्ट्यांवर पारदर्शक राळेचा उपचार केला. दात पूर्ण एकसारखे झाले नाहीत. होणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितले होते आणि पुतणीने ते मान्य केले होते.

परंतु शेवटच्या भेटीत त्यांनी जे विचारले ते आमच्या कोणाच्याच मनात आले नव्हते. ''गावाकडच्या घरात आता लहान मुलं आहेत का?'' आहे. बंधूंचा नातू त्या वेळी दोन वर्षांचा होता आणि त्याच कूपनलिकेचे पाणी पीत होता.

कायमच्या दातांचे कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत घडत असते. याच काळात फ्लोराइडचा परिणाम होतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरे पाणी उपलब्ध नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून बरेच अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास हाडे आणि सांधेही जखडतात. भारतात या विकाराची नोंद १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आढळते.

बंधू फोनवर म्हणाले, ''दादा, आपण पाणी गाळून, उकळून पितो. आपल्याला कसली भीती?'' आपल्या बहुतेक घरांची हीच समजूत असेल. गाळल्याने आणि उकळल्याने पाण्यातील जीवजंतूंचा प्रश्न सुटतो, फ्लोराइडचा सुटत नाही. ते क्षाररूपाने पाण्यात विरघळलेले असते. उकळताना पाणी आटते, त्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. त्यासाठी पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते आणि प्रमाण अधिक निघाल्यास आरओ यंत्र किंवा फ्लोराइड शोषणारी गाळणी बसवावी लागते. अथवा विहिरीचे किंवा नळयोजनेचे तपासलेले पाणी वापरावे. गावपातळीवर तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केली आहे.

बंधूंनी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना दिला. प्रमाण मर्यादेपेक्षा बरेच अधिक निघाले. आता घरात पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी आरओचे पाणी आहे. शेजारच्या चार घरांनीही तपासणी करून घेतली. पंचवीस वर्षांपूर्वी हे कोणी सांगितले असते, तर माझ्या पुतणीला तोंडावर हात धरावा लागला नसता.

ज्यांची मूळ गावे अशा भागात आहेत, ज्यांच्या घरी कूपनलिकेचे पाणी आहे आणि ज्यांच्या अंगणात आठ वर्षांखालील मुले खेळत आहेत, त्यांनी आपल्या पाण्याची तपासणी या महिन्यातच करून घ्यावी, ही विनंती.